बसून बघितलेली खुर्ची

खुर्च्यांच्या दुकानात अक्काने अर्धं आयुष्य काढलं, पण तिथल्या एकाही खुर्चीवर ती कधी बसली नव्हती. हे ऐकून लोकांना हसू यायचं. अक्काही बरीच वर्षं त्यांच्याबरोबर हसत आली होती.

दुकान दोन मजली होतं. खाली सोफे आणि फिरत्या खुर्च्या, वर पलंग आणि जेवणाची टेबलं. नजर जाईल तिथे टेकायची सोय, आणि त्या सगळ्या सोयीच्या मधोमध विकणारी माणसं सकाळपासून दिवे मालवेपर्यंत उभी. नियम एका ओळीचा होता: नोकरांनी मालावर बसायचं नाही. बसलं की माल वापरलेला होतो, असं साहेबांचं म्हणणं. साहेब म्हणजे दुकानाचे मॅनेजर. त्यांची स्वतःची गुबगुबीत खुर्ची काचेच्या खोलीत होती, आणि ती मात्र कितीही बसलं तरी वापरलेली होत नसावी. बाकीच्यांनी डबा खायचा तो मागे गोदामात, खोक्यांना पाठ लावून, उभ्यानेच. दुकानात नोकराला बसता येईल अशी एकच जागा आहे आणि तिथेही बाहेरून कुणीतरी कडी वाजवत असतं, हा त्या मंडळींचा ठरलेला विनोद होता.

अक्का त्यांच्यात सगळ्यात जुनी, म्हणून सगळ्यांची अक्का. जीभ अशी की नको म्हणणारं गिऱ्हाईकही मापं घेऊन जायचं. सोफ्याच्या पाठीवर हात फिरवत ती म्हणायची, “बसून तर बघा, दिवसभराचा शीण उतरेल.” गिऱ्हाईक बसायचं, डोळे मिटायचं, त्याचा शीण उतरायचा. अक्का शेजारी उभी राहून हसतमुखाने ते बघायची. घरी गेल्यावर पिंढऱ्यांची पट्टी सोडायची, पाय उशीवर टाकायची आणि नवऱ्याशी भांडायची.

नवरा बस चालवायचा. माणूस भला, पण सुट्टीच्या दिवशी त्याला रस्ता डोळ्यांसमोर नको असे. मुलीचं लग्न उरकल्यावर अक्काने हट्टाने जुनी मोटरसायकल घेतली, तेव्हा तो म्हणाला होता, “तू जा बाई खुशाल. माझं पोट भरलंय रस्त्यांनी.” शेजारपाजारच्यांनी नाकं मुरडली, मुलगी म्हणाली की या वयात हे शोभतं का, आणि अक्काने पहिल्याच सुट्टीत गाडी गावाबाहेर काढली. मागच्या सीटवर कोण, तर विहीणबाई. मुलीची सासू.

या दोघींचं लग्नाच्या वेळी चांगलंच वाजलं होतं. पुढे गाडी घेतली त्याच आठवड्यात अक्का त्यांना तिच्यावरून घरी सोडायला निघाली. घर आलं तरी विहीणबाई उतरेनात. “आणखी थोडं पुढे जाऊ या की,” म्हणाल्या. त्या पुढे जाण्यातच सगळं जुनं भांडण मागे पडलं. विहीणबाई शिवणकाम करायच्या. मशीन मारून मारून एक गुडघा कामातून गेलेला. गाडीवर तासन्‌तास बसतील, पण जमिनीवर बसल्या की उठणं मुश्कील.

आणि नेमकी तिथेच पंचाईत होती. तळ्याकाठी जायचं, डोंगराच्या उतारावर थांबायचं, थर्मासमधला चहा ओतायचा, सगळं छान, बसायचं कशावर? पहिल्या खेपेला विहीणबाई गवतावर बसल्या. उठताना अक्काने हात दिला, तर त्यांच्या वजनाने तीही खाली आली. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, पण घरी पोचेपर्यंत विहीणबाईंचा गुडघा फुगला होता. दुसऱ्या खेपेला घरातलं प्लास्टिकचं स्टूल मागे बांधलं. त्याचे पाय सबंध वाटभर विहीणबाईंच्या पाठीत रुतत होते, आणि वळणावर ते सुटून नाल्यात गेलं. तिसऱ्या खेपेला विहीणबाई नाही म्हणाल्या. रागाने नव्हे, साध्याच सुरात. गुडघा ऐकत नाही म्हणाल्या, तुम्ही जा. अक्का एकटी गेली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली. मागची सीट रिकामी ठेवून हिंडण्यात तिला रस नव्हता.

म्हणजे आता खुर्ची हवी. घडी करून गाडीच्या बॅगेत मावेल अशी, खड्ड्यांनी खिळखिळी होणार नाही अशी आणि गुडघा दुखणाऱ्या बाईला उठता येईल अशी. तसल्या घडीच्या खुर्च्या अक्काच्या दुकानात जिन्याखालच्या कोपऱ्यात आल्या होत्या, आणि त्या तीच विकत होती. एक अगदी हलकी, नळ्या जोडून वर कापड ताणायची. तिची गुंडाळी मनगटापासून कोपरापर्यंत येईल एवढीच. एक छत्रीसारखी मिटणारी, लांबलचक. आणि एक बुटक्या बोचक्यासारखी, राखाडी, जड, दिसायला अगदीच ध्यान. अक्का हलकी तेवढी खपवायची. “पाळण्यात बसल्यासारखं वाटतं,” असं सांगायची.

आता स्वतः घ्यायची वेळ आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपल्याला काहीच ठाऊक नाही. पाळण्यात बसल्यासारखं वाटतं, हे कुणाला? तिने साहेबांना विचारलं, की दुकान बंद करताना या तिन्ही खुर्च्यांवर जरा बसून बघू का, मला एक घ्यायचीय. साहेब हसले. इतकी वर्षं विकताय आणि अजून कशी आहे ते कळलं नाही का, असं म्हणाले. आणि मग, जाता जाता, “बसून गिऱ्हाईक बघतं अक्का. तुम्ही काय गिऱ्हाईक आहात का?”

हे वाक्य अक्का घरी घेऊन गेली. पट्टी सोडताना तिने ते पुन्हा म्हणून बघितलं, आणि त्या रात्री नवऱ्याशी भांडली नाही. नवरा घाबरलाच.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी भर दुपारी अक्का दुकानाच्या पुढच्या दाराने आत आली. अंगावर फिरायचं जाकीट, काखेत गाडीवरून उतरवलेली बॅग, आणि मागे कठडा धरून पायऱ्या चढणाऱ्या विहीणबाई. बरोबरची मंडळी बघत राहिली. काउंटरवरची पोरगी पुढे झाली आणि काय बोलावं ते न सुचून तिने रोजचंच विचारलं, काय दाखवू?

“त्या कोपऱ्यातल्या तिन्ही खुर्च्या उघडून द्या,” अक्का म्हणाली. “आम्हाला बसून बघायच्या आहेत.”

आणि ती बसली. आधी हलक्या खुर्चीवर. गुडघे हनुवटीला आले आणि कापडाखालची नळी मांडीला घासू लागली. विहीणबाई बसल्या, त्यांना उठवायला पोरीला धावावं लागलं.  या खुर्चीची तारीफ करून तिने किती म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गळ्यात ती मारली होती, देव जाणे. छत्रीवाली बसायला झकास होती, पण मिटल्यावर बॅगेतून हातभर बाहेर यायची. गाडीवर आडवी बांधली तर येणाजाणाऱ्याला फटकावत जाईल. राहिलं ते राखाडी ध्यान. ते उंचीला बरोबर होतं. पाय रुंद, मातीत रुतणारे नव्हेत. विहीणबाईंनी ते उलटं करून शिवण तपासली, दोन्ही कडांना ओढून बघितलं आणि मान डोलावली. मग बसल्या, आणि कुणाचाही हात न धरता उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. त्यांचा चेहरा बघून अक्काला भरून आलं.

एव्हाना साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले होते. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती, त्यामुळे चेहरा हसरा ठेवावा लागत होता. हे काय चाललंय, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. अक्का खुर्चीवरूनच म्हणाली की गिऱ्हाईक आहे, बघतेय, गिऱ्हाइकाला घाई करायची नाही असं तुम्हीच आम्हाला शिकवलंय. आणि चांगली ऐसपैस बसून राहिली. साहेब उभे राहिले. काही वेळाने त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. अक्काने ते पाहिलं. तिला त्या हालचालीची चांगली ओळख होती.

दोघींनी दोन राखाडी खुर्च्या घेतल्या, आपापले पैसे दिले आणि तशाच गाडीवर तळ्याकडे निघाल्या. दोन्ही बाजूंच्या बॅगांत एकेक खुर्ची बेतशीर बसली.

पाण्याच्या कडेला खुर्च्या उघडल्या. विहीणबाईंनी चहा ओतला आणि सुनेच्या तक्रारी सुरू केल्या. सून म्हणजे अक्काची मुलगी, त्यामुळे अक्काला त्यात दुहेरी गंमत वाटायची. पण आज तिचं लक्ष लागेना. तिच्या पायांत काहीतरी होत होतं. पोटऱ्यांतून वर, मांड्यांपर्यंत, एक जुनी कळ हळूहळू ओसरत होती, आणि ती ओसरल्यावरच कळत होतं की ती होती. आपण दमत नाही, आपले पाय मजबूत, असं ती सगळ्यांना सांगायची. दमलोय हे कळायलासुद्धा माणसाला बसावं लागतं. इतकी वर्षं तिला तेवढंही करू दिलं नव्हतं. कुणासाठी? तर सोफ्यासाठी. सोफा वापरलेला होऊ नये म्हणून. आणि आपण? आपण रोज वापरले जात होतो, त्याचं काय?

तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. विहीणबाई सुनेबद्दल बोलता बोलता थांबल्या. अक्काने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग उद्या काय करणार?”

“बसणार,” अक्का म्हणाली.

नोकरी जाईल, असं विहीणबाई म्हणाल्या. जाईल कदाचित, अक्का म्हणाली. तिला भीती वाटत होती. या वयात दुसरं काम कोण देतं, हे तिला ठाऊक होतं. पण त्या भीतीपायी उद्या पुन्हा उभं राहायचं, हे आता पायच मान्य करीनात.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. राखाडी बोचकं काखेत होतं. जिन्याखालच्या कोपऱ्यात, जिथून दार आणि सोफे दोन्ही दिसतात, तिथे तिने खुर्ची उघडली आणि बसली. काउंटरवरच्या पोरीच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. गोदामातला माणूस बाहेर आला आणि तिथेच थबकला. काचेची खोली उघडली.

“अक्का, उठा. मालावर बसायचं नाही.”

“हा माल नाही साहेब. ही माझी खुर्ची आहे. पावती आहे माझ्याकडे.”

 इतकी वर्षं साहेबांना मालाच्या पलीकडचं कारण द्यावंच लागलं नव्हतं. मग त्यांनी दुकानाच्या शिस्तीचं काढलं, गिऱ्हाईक काय म्हणेल ते काढलं. अक्का उठली नाही. शेवटी त्यांचा आवाज चढला.

“नोकर बसलेला बरा दिसत नाही. बस्स.”

“आता खरं बोललात,” अक्का म्हणाली. “एवढंच होतं तर मग मालाचं नाव कशाला घेत होतात?”

काढून टाकीन, असं साहेब म्हणाले. अक्काने आवाज हलू दिला नाही.

“काढा. पण कागदावर कारण लिहून द्या. बसली म्हणून काढली, असं लिहा आणि खाली सही करा. बाकी मी बघते.”

 असा कागद हातात घेऊन ही बाई कामगार कचेरीपासून कुठे कुठे जाईल, हे बहुधा साहेबांना दिसत होतं. ते काही बोलणार, तेवढ्यात दार उघडलं आणि एक म्हातारं जोडपं आत आलं. नातवंडांबरोबर सहलीला जायचंय, घडीची खुर्ची हवीय, म्हणाले.

अक्का उठली. “या आजोबा,” म्हणाली. हलक्या खुर्चीकडे बोट दाखवणाऱ्या आजोबांना तिने सांगितलं की ती घेऊ नका, उठता यायचं नाही, मी स्वतः बसून बघितलंय. राखाडी उघडून दिली, दोघांना आलटून पालटून बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. आजी खुश झाल्या. खुर्च्या बांधून झाल्या, पैसे झाले, पोरीने दार उघडून धरलं आणि जोडपं गेलं.

साहेब अजून तिथेच उभे होते. अक्का त्यांच्या समोरून आपल्या कोपऱ्यात गेली आणि पुन्हा खुर्चीवर बसली.