भिंतीपलीकडचं घोरणं

किशोरीला जावेचा हेवा वाटे, आणि तो ती लपवतही नसे. दिघीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. अलीकडे किशोरी एकटी, पलीकडे धाकटा दीर विनेश आणि त्याची बायको प्रणाली. प्रणाली नवऱ्याला दिवसभर बोल लावी. बोंबील वाळत घालता घालता किशोरी ओरडे, "बोल गो, बोल! ऐकून घ्यायला हाय ना कोण!"

किशोरीचा नवरा हितेश दोन वर्षांपूर्वी गेला. दोघे भाऊ एकाच बोटीवर खलाशी. कंबर धरली की गर्दची पुडी ओढायची सवय दोघांना एकाच माणसानं लावलेली. त्या दिवशीच्या पुडीत नेहमीपेक्षा जहाल काहीतरी मिसळलेलं होतं. काय, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसावं. हितेश पडल्या पडल्या घोरू लागला. दर्यावरून आलेला माणूस आपणहून उठेपर्यंत त्याला उठवायचं नाही, ही वाड्याची रीत. किशोरीनं पंखा लावला, दार ओढून घेतलं आणि ती मासळी घेऊन बाजारात गेली. परतली तेव्हा तो गार पडला होता.

पुढं व्यसनमुक्तीवाल्यांनी बर्फाच्या कारखान्याच्या आवारात बायकांना बोलावलं. गर्द घेतलेला माणूस घरघर करत असेल तर ती झोप नव्हे, त्याचा श्वास बंद पडतोय, असं तिथं किशोरीनं ऐकलं. रबरी बाहुलीवर तोंडानं श्वास देऊन पाहिला. प्रणाली गेली नाही. "माझ्या घोवानं कधीच सोडलंय," म्हणाली.

यंदा माघात बोट लागली त्या दिवशी, सकाळी अकराला, भिंतीपलीकडून घोरणं ऐकू आलं. घोरणारा नवराही हिच्याच नशिबात, असं किशोरीच्या मनात आलं. मग आवाज ओला झाला, घशात पाणी अडल्यासारखा. मग थांबला. ती आकडे मोजू लागली. बाराव्या आकड्यापर्यंत ती जागची हलली नाही. का, ते तिनं पुढं स्वतःच सांगून टाकलं: "वाटलं, कळू दे हिलापण."

तेराव्या आकड्याला ती धावली.

विनेशचे ओठ जांभळे पडले होते. तिनं हाका मारल्या, छातीच्या हाडावर मुठीची बोटं रगडली. हालचाल नाही. परसातून धावत आलेल्या प्रणालीला ती ओरडली, "एकशे आठला लाव! श्वास न्हाय म्हणून सांग, गर्द सांग, लपवू नको!" फोन लावून प्रणाली वळली, तर किशोरी विनेशचं डोकं मागं करून, नाक चिमटून त्याच्या तोंडात फुंकत होती.

"ताई! काय करतेस? माझा नवरा हाय तो!"

"मग तू दे," किशोरी बाजूला झाली. "ये!"

प्रणालीनं तिला आणखी ढकललं आणि गुडघे टेकले. पहिला श्वास नाकातून निसटला. "नाक दाब, गो. छाती वर आली पायजे." किशोरी पाचपर्यंत मोजी, प्रणाली फुंके. रुग्णवाहिका यायला पस्तीस मिनिटं लागली. तेवढा वेळ प्रणालीनं जावेला पुन्हा जवळ येऊ दिलं नाही.

दवाखान्यात गर्दवरचा उतारा म्हणून नॅलोक्सोनची सुई दिल्यावर विनेश दचकून जागा झाला, शिव्या देत घरी निघाला. प्रणाली चपला शोधू लागली. किशोरी दारात उभी राहिली. "सुईचा असर उतरला की श्वास परत बंद पडतो. बर्फाच्या कारखान्यात शिकवलंय मला." चारच्या सुमारास तसंच झालं. परिचारिकेनं दुसरी सुई दिली.

वाड्यात मात्र वेगळीच बोलवा उठली: विधवेनं दिराच्या तोंडाला तोंड लावलं. प्रणालीनं ती ना खोडली, ना पसरवली.

आता विनेशला गर्द सोडवायच्या औषधासाठी दर सोमवारी तालुक्याला न्यावं लागतं. पहिल्या सोमवारी प्रणाली उंबऱ्यापाशी येऊन म्हणाली, "ताई, तुला तिथलं समजतं. येशील?"

"येईन," किशोरी म्हणाली. "पण तुमच्या एसटीत न्हाय. मी पुढच्या एसटीनं येते."

"बरं," प्रणाली म्हणाली. तिलाही तेच बरं वाटलं असावं.