जिजाबाईच्या गाडीला वाघ दिसत नाही

सकाळी अभयारण्याच्या गेटवर जिप्स्या रांगेला लागल्या की गाइडांची नावं नंबरानं पुकारतात. ज्याचं नाव येईल त्यानं पुढच्या गाडीत बसायचं. ड्रायव्हरला पसंती-नापसंती नाही. ‘जिजाबाई पचारे’ असा पुकारा झाला आणि पुढची गाडी माझी निघाली, की बाकीचे ड्रायव्हर माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसायचे. जिजाबाईच्या गाडीला वाघ दिसत नाही, हे गेटवरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं.

मी अंकुश, मोहाडीचा, कोष्ट्याच्या घरचा. बापाच्या हातमागावर एका जागी बसून दिवस काढणं मला जमेना, म्हणून जुनी जिप्सी घेतली आणि अभयारण्य उघडलं तसा इथं येऊन लागलो. आता मीच त्याच त्या रस्त्यावर धोट्यासारखा इकडून तिकडं फिरतो, ते सोडा. स्वभाव माझा आधीच तापट. त्यात वाघ दिसला नाही की पाहुण्यांची तोंडं उतरतात, आणि ती उतरलेली तोंडं आरशात मला बघावी लागतात, गाइडला नाही.

जिजाबाई शेजारच्या ढिवरटोल्यातली, मासेमारांच्या वस्तीतली. पन्नाशीकडं झुकलेली, अंगानं काटक. गाइडचा खाकी शर्ट ती लुगड्यावरून घालायची. सोबत मिळालेली पॅन्ट तिनं जावयाला देऊन टाकली होती. जंगल तिला परसासारखं माहीत. पाण्यावरची पाणकोंबडी, ऐनाच्या सालीवर अस्वलानं काढलेले ओरखडे, सापावर डोळा ठेवून बसलेला गरुड, सगळं हौसेनं दाखवायची. पण झाडीत वानर खाकरलं किंवा चितळ ओरडलं की तिचा चेहराच बदलायचा. असा कॉल आला की गाडी बंद करायची आणि गुपचूप थांबायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. कोणीतरी वाघ बघितलेला असतो, म्हणून तर ओरडतं. आणि नेमकं तेव्हाच जिजाबाई म्हणायची, “चाल गा, पुढं चाल. तथी काई नाई.”

एकदा माझं डोकं फिरलं. कॉलवर कॉल चालू असताना तिनं गाडी काढायला लावली, आणि आमच्या मागून आलेल्या गाडीनं त्याच जागी थांबून पोटभर वाघीण बघितली. माझ्या पाहुण्यांनी उतरताना मला नमस्कारसुद्धा केला नाही. दुपारच्या फेरीला वेळ होता. जिजाबाई मोहाखाली डबा उघडून बसली होती. भात आणि वाळल्या झिंग्यांची चटणी. मी सरळ तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

“वाघ दाखवाचाच नाई तं गाइड काहून झाल्या वो तुमी? घरी बसा ना, शिंगाडे सोला.”

ती रागावली नाही. घास गिळला, पाणी प्यायली आणि म्हणाली, “घरी बसली असती तं त्या वाटेनं गेली असती कशी?”

मग तिनं सांगितलं. तिचा नवरा छोटू. नाव छोटू, पण माणूस दाराच्या चौकटीला डोकं आपटेल एवढा उंच. जंगलातला मोठा तलाव तेव्हा ढिवरांच्या सोसायटीकडं होता. मासे धरायला, शिंगाडे काढायला सगळा टोला तिथं जायचा. अभयारण्य व्हायच्या आधीची ही गोष्ट. एकदा शिंगाड्याची टोपली डोक्यावर घेऊन परत येताना छोटू मागं राहिला, आणि तलावाच्या अलीकडच्या वळणावर वाघानं त्याला धरलं.

वाघानं माणूस मारला की त्या जागेवरून येणारा-जाणारा एक हिरवी डहाळी टाकून पुढं जातो, अशी तिच्या टोल्यातली रीत. बोलायचं काही नाही, हात जोडायचे नाहीत, नुसती डहाळी टाकायची. डहाळ्यांचा ढीग वाढत राहिला तर मेलेला माणूस तिथं स्वस्थ राहतो. लोकांनी टाकणं सोडलं, ढीग खचला, तर तो उठतो आणि बाजूनं जाणाऱ्या वाघाच्याच मानेवर बसून रानभर फिरतो. तोच वाघाला वाट दाखवतो. मग तो वाघ माणसांच्या पुढं येऊ लागतो.

अभयारण्य झालं आणि त्या वाटेनं पायी जाणं बंद झालं. ढिगाला वाळवी लागली. आत जायचं तर जिप्सीतूनच जावं लागे, म्हणून जिजाबाई गाइड झाली. वळण आलं की पाहुण्यांची नजर चुकवून ती लुगड्याच्या ओच्यातली डहाळी खाली सोडायची. इतके दिवस मला वाटत होतं, बाई माश्या हाकलते.

“दुसरा मानूस मेला तं पडून राहते गप,” ती म्हणाली. “पन याईचं तसं नाई. याईले एकट्यानं करमतच नाई. रस्त्यात कोनी भेटला का त्याच्याच संगं चालू लागत. एकदा मोहाडीच्या बाजारात तेल आनाले धाडलं, तं बैलवाल्याच्या संगं गोष्टी करत करत भंडाऱ्याले पोचले. मी अथी चूल पेटवून बसली. आता सांग, तथी रानात कोनी नाई. वाघ रोज बाजूनं जाते. हे थांबतीन का?”

मला हसू आलं आणि लगेच जिवाला काहीतरी लागलं. आमच्या मोहाडीतली भुतं पिंपळ सोडून कुठं जात नाहीत. वाघावर बसून फिरणारा माणूस मला नवीनच होता. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण जिजाबाईचा होता. वाघ दिसला नाही म्हणजे नवरा जागेवर आहे. पाहुणे हिरमुसून उतरत तेव्हा ही बाई मनातून निश्चिंत झालेली असायची. अशी गाइड साऱ्या जगात दुसरी सापडायची नाही, आणि ती माझ्याच नशिबी यावी!

त्या दिवसापासून वळणावर मी गाडी हळू करू लागलो. तिनं कधी आभार मानले नाहीत, मीही कधी विषय काढला नाही.

टोल्यात ती एकटीच राहायची. मुलगी रीना कोंढ्याला दिलेली. माझ्याकडं ये, नातवंडांत राहा, असा तिचा सारखा लकडा. जिजाबाई जायची आणि दोन दिवसांत परत यायची. टोल्यातल्या लोकांनी तलाव सुटला तशी दुसरी कामं धरली होती. कोणी वैनगंगेवर जाळी टाकायला गेले, कोणी नागपूरला बांधकामावर. छोटूला ओळखणारेच कमी झाले, तर डहाळी टाकणार कोण? संध्याकाळी ती अजून दोघांचा भात टाकायची. सवयच गेली नाही, म्हणायची. उरलेला सकाळी डब्यात यायचा.

मग एका हिवाळ्यात आमच्या जंगलात नवा नर वाघ आला. चांगला धिप्पाड, आणि अजिबात न बुजणारा. गाडीच्या पुढून चालायचा, तलावाच्या पाळीवर बसून अंग चाटायचा. गेटवर दिवाळीच झाली. नागपूरहून गाड्या येऊ लागल्या, चहाच्या टपरीवाल्यानं दुसरी शेगडी मांडली. सगळे खूष, आणि जिजाबाई वाळत चालली. ज्याला त्याला विचारायची, कुठं दिसला, कोणीकडं गेला. सगळी उत्तरं एकच असायची. तलावाच्या अलीकडं, वळणावर.

“उठले हे,” ती मला म्हणाली. “मले ठाऊकच होतं.”

आता ती एका डहाळीवर थांबेना. ओच्यात मावतील तेवढ्या आणायची. एका पाहुण्यानं ते बघितलं आणि गेटवर सांगितलं. गेटवरचे घनश्यामबाबू तसे भले माणूस, पण नियम त्यांनाही सोडता येत नव्हता. गाडीतून काही फेकायचं नाही, पुन्हा दिसलं तर नंबर बंद, असं त्यांनी तिला सर्वांसमक्ष सांगितलं. कशासाठी टाकता, असंही विचारलं. जिजाबाईनं मान खाली घातली. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. पण दहा लोकांसमोर नवऱ्याचं भूत काढायची तिला लाज वाटली, आणि मलाही तोंड उघडायचं सुचलं नाही.

त्यानंतर ती नंबर बदलून घेऊ लागली. आज डोकं दुखते, आज घरी पाहुणे आले. वाघाच्या दिवसांत तिचा नंबर घ्यायला सगळे एका पायावर तयार. पण एका सकाळी बाकीचे गाइड आधीच आत गेले होते, ती एकटी उरली, आणि पुढची गाडी माझी.

पाहुणे चौघं होते, नागपूरची दोन जोडपी. त्यांतल्या करुणाताई जाणत्या होत्या, हातात मोठा कॅमेरा, बोलणं गोड. “मावशी, आज वाघ दाखवायचाच हं,” त्या म्हणाल्या. जिजाबाईनं मान हलवली. ओचा मुठीत धरून ती पुढं बसली होती. ओच्यात एकच डहाळी होती. वळण आलं. मी गाडी हळू केली. ढीग आता गुडघ्याइतकाही उरला नव्हता. मागं करुणाताई कॅमेरा रोखून बसल्या होत्या. जिजाबाईचा हात ओच्यात गेला आणि तिथंच राहिला. गाडी पुढं गेली.

तलावावर धुकं होतं. पाळीच्या खाली बेशरमाच्या झुडपांत काही हललं आणि वर झाडावरून वानर खाकरलं. एकदा, मग पुन्हा. मी सवयीनं गिअरवर हात ठेवला आणि तिच्याकडं बघितलं. आता म्हणेल, चाल गा.

“बंद कर गाडी,” ती म्हणाली.

माझा हात गिअरवरच होता.

“बंद कर. भेव भेव तरी किती दिवस करावं? पाहू दे मले एकदा.”

मी इंजिन बंद केलं. जिजाबाईनं खाकी शर्टाची वरची गुंडी लावली. चेहरा हातानं पुसला. आणि लुगड्याचा पदर ओढून डोक्यावरून घेतला, नीट, कपाळापर्यंत. गाइडची टोपी तिनं खाली पायाशी ठेवली होती. ती वाघ बघायला बसलेली नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. छोटू खरोखरच दिसेल की काय असं क्षणभर मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू, मी भ्यालो.

वाघ पाळीवर चढला. एकदा आमच्याकडं बघून त्यानं रस्ता धरला आणि सरळ गाडीकडं चालत आला. तो जिजाबाईच्या बाजूनं गेला, हात लांबवला असता तर लागला असता इतक्या जवळून. ती सीटवरून अर्धी उठली होती. तिनं त्याचे डोळे बघितले नाहीत, पट्टे बघितले नाहीत. त्याचं डोकं बघितलं, मान बघितली, पाठ बघितली. वाघ मागं गेला, झाडीत शिरला, तरी ती तो आला होता त्या रस्त्याकडं बघत राहिली. मागून कोणी येतं का, म्हणून वाट बघावी तशी. रस्ता रिकामाच होता.

मागं एकदम आनंदाला उधाण आलं. पाहुणे एकमेकांना टाळ्या देत होते. जिजाबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. करुणाताई पुढं वाकल्या, तिचा हात धरला. त्यांचेही डोळे भरले होते. “मावशी, तुम्हीपण पहिल्यांदाच बघितला का?”

“हो,” जिजाबाई म्हणाली.

करुणाताईंनी तिचा फोटो काढला. गेटवर लावा म्हणाल्या, इतका सुंदर आनंद मी कोणाच्या तोंडावर बघितला नाही.

मी गाडी काढली. मला हायसं वाटत होतं. म्हटलं, सुटली बाई. आता कोंढ्याला जाईल, नातवंडं खेळवील, रात्रीची सुखानं झोपेल. मागचे कॅमेऱ्यात डोकं घालून बसलेले बघून मी हळूच म्हणालो, “पायलं ना आता? नाई ना कोनी त्याच्यावर? मंग रडता कायले? चांगलंच झालं ना.”

तिनं अजून एकदा मागच्या रस्त्याकडं बघितलं. पदर तसाच डोक्यावर होता.

“वाघ एकटाच होता, अंकुश,” ती म्हणाली. “मंग हे कोनासंगं असतीन गा?”