सूचक: केशरबाई

बीड जिल्ह्यात, लिंबागणेशच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही. त्या गावाची अब्रू आधीच पाटीवर रंगवून झालीय, आणखी आपण कशाला भर घालायची? त्या गावच्या खालच्या आळीतली केशरबाई ग्रामपंचायतीची मेंबर. मेंबर झाली कशी, तर वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला आणि आळीतल्या बायका म्हणाल्या, "केशरबाई, तूच हो. तुझं तोंड चांगलं चालतंय." झाली. सरपंचही बाईच होती, ताराबाई. पण बैठकीत तिच्या खुर्चीवर तिचे मालक सुंदरराव बसायचे. ते सोसायटीचे चेअरमन, म्हणून सगळं गाव त्यांना चेअरमनच म्हणायचं. ताराबाई घरी चहा टाकायची, आणि तिच्या सह्याही चुलीपाशीच व्हायच्या.

आता ठरावाचं असं असतं, की एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. एकानं मांडायचं, दुसऱ्यानं मान डोलवायची. केशरबाई बिचारी वेळेवर यायची, दाराशी बसायची, म्हणून ग्रामसेवक रजिस्टर उघडलं की पहिलं तिचंच नाव लिहायचा. चार वर्षांत त्या गावात जे जे ठरलं, ते कागदावर तिनंच सुचवलेलं. स्मशानाचे पत्रे तिनं सुचवले, शाळेची मुतारी तिनं सुचवली, आणि चेअरमनच्या मेव्हण्याला मिळालेलं रस्त्याचं काम, तेही तिनंच! विचारलं तर तिला यातलं एकही आठवलं नसतं.

तिला आठवायचं ते वेगळंच. बावीस वर्षं तिनं ऊस तोडला होता. आपल्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणसं दोन, पण मोजायची हत्यारानं. तिची दोन बाळंतपणं फडातच झाली. त्यातलं एक लेकरू वाचलं, तो आश्रुबा. दुसरं ती तिकडंच, कुणाच्या तरी बांधाला पुरून आली. नवरा गेला तेव्हा कोयता मोडला आणि ती घरी राहिली. आश्रुबाचं लग्न झालं त्या दिवशी, अंगावरची हळद उतरायच्या आत, तिनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "माझी सून फडात जायची न्हाई. मी जित्ती हाय तवर तर न्हाई."

हा शब्द ती पाळत होती कशाच्या जोरावर? गटारीच्या. हसू नका. गावाच्या एकदम उताराला तिची बारा गुंठ्यांची पट्टी. सगळ्या गावाच्या मोऱ्यांचं पाणी गल्ल्यागल्ल्यांतून घरंगळत शेवटी तिच्या बांधाशी यायचं. तिनं तिथं गिन्नी गवत लावलं होतं, दोन म्हशी पाळल्या होत्या आणि दूध संस्थेला घालत होती. लोक तिला गटारीची जमीनदारीण म्हणायचे. ती म्हणायची, "तुमी नुसत्या आंघोळी करा रे बाबांनो. म्हशींचं मी बघते."

मग तो दुष्काळ आला. ऐन आषाढात बैल धुवायला पाणी नव्हतं. पिण्याचं पाणी टँकरनं यायला लागलं. गावची जनावरं चारा छावणीला गेली, काही नेकनूरच्या बाजारात गेली. हिरवं म्हणून गावात एकच ठिकाण उरलं, ती केशरबाईची पट्टी. सून गंगासागर रोज सकाळी भारा कापायची. तिला चौथा महिना लागला होता. आश्रुबा बीडला मोंढ्यात हमाली करायचा आणि दर आठवड्याला तेच सांगायचा, "आये, म्हशी गेल्या तर दोघांस्नी कोयता धरावा लागंल बघ. दुसरं काय हाय आपल्याकडं?"

अशात तालुक्यावरनं योजना आली, गटारमुक्त गाव. प्रत्येक घरामागं शोषखड्डा खणायचा, त्यात दगडगोटे भरायचे, आणि न्हाणीचं पाणी तिथल्या तिथं जमिनीत मुरवायचं. डास कमी होतात, विहिरीला पाझर लागतो. काम चांगलं, त्यात खोट काढायला जागा नाही. आदल्या वर्षी शेजारच्या रतनबाईची पोर डासांच्या तापानं बारा दिवस बीडच्या दवाखान्यात पडून होती, आणि केशरबाई तिच्या उशाशी बसली होती. म्हणून ग्रामसेवकानं ठराव वाचला तेव्हा तिनं चार वर्षांत पहिल्यांदा मनापासून हात वर केला. "लिव्हा माझं नाव," म्हणाली. अनुमोदक रतनबाई, तीही पंचायतीची मेंबरच.

आता म्हणाल, बाईला एवढं कळलं नाही? नाही कळलं! गटार म्हणजे गल्लीतली ती काळी घाण, आणि बांधाशी येतं ते आपलं पाणी. इतकी वर्षं तिच्या डोक्यात ही दोन वेगळीच होती.

रतनबाईच्या खड्ड्याला तिनं स्वतः नारळ फोडला. चार दिवसांनी पट्टीवर गेली तर शेवटचा वाफा कोरडा. अगं बाई गं, हे काय करून बसले मी?

पण मागं फिरायचं कसं? ठराव तिचा. वर चेअरमननं तिलाच घरोघर पाठवलं. "तुमचं तोंड गोड हाय, केशरबाई." ती गेली. घरोघर डासांचं सांगितलं, पोरीच्या तापाचं सांगितलं, विहिरीच्या पाझराचं सांगितलं, आणि लोक ऐकायचे. एक घर खणायचं, पाण्याची धार तेवढी बारीक व्हायची. दुसरं घर खणायचं, आणखी एक वाफा पिवळा पडायचा. एखादं घर कां-कूं करायला लागलं की तिच्या मनाला हळूच बरं वाटायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती आणखी जोरानं समजावायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

महिन्याभरात सगळं गाव झालं. राहिलं एकच घर, चेअरमनचं. त्यांच्या घरी सात माणसं, फरशीची न्हाणी, कपडे धुवायचं मशीन, मळ्यातल्या विहिरीवरनं थेट पाइप. गावात सगळ्यात जास्त पाणी त्यांच्याच मोरीतून सुटायचं, आणि आता केशरबाईच्या बांधाशी येत होतं ते तेवढंच. ती सांगायला गेली तेव्हा सुंदररावांनी तिला अंगणात नेलं. अंगणात सिमेंटचं एक कोरं करकरीत झाकण बसवलं होतं. पायानं त्यावर ठोकत ते म्हणाले, "खाली काय न्हाई. येवढं चकचकीत अंगण कोण उकरतंय? कमिटी आली की म्हणायचं, झालं. आमची फरशी वाचती, तुमचं गवत वाचतंय. वाईट कुणाचं हाय का यात?"

केशरबाई घरी आली तर गंगासागर उंबऱ्यावर पोटाला हात लावून बसली होती. "आत्या, ऊसतोडीचा मुकादम आलता," ती म्हणाली. "दसऱ्याला परत येतो म्हणला. पोटुशी हाय म्हणलं, तर म्हणला, निम्म्या बायका तसल्याच असत्यात."

कमिटी आली. जीपमधून दोन साहेब उतरले, मागं गाव. साहेबांनी विचारलं, "सूचक कोण?" केशरबाईला पुढं केलं. एकेक खड्डा तिनं दाखवला. शेवटी चेअरमनच्या अंगणात सगळे थांबले. साहेबांनी त्या झाकणाकडं बोट केलं. "हे झालंय ना, बाई?"

रतनबाई शेजारीच उभी होती. चेअरमनची धार अजून खाली वाहते हे तिला चांगलं ठाऊक होतं, तिच्याच दारावरून ती जायची. केशरबाईला वाटलं, सांगावं. मग डोळ्यांपुढं फडाकडचा तो बांध आला, ज्याच्या कडेला तिनं आपलं लेकरू पुरलं होतं.

"झालं, सायब," ती म्हणाली. "समदे झाले."

रतनबाई तिथून निघून गेली. गावाला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं. वेशीवर पाटी लागली, ठरावाची तारीख, सूचक, अनुमोदक, सगळं रंगवून. पेपरात ताराबाईचा फोटोही आला.

पुढच्याच बैठकीला केशरबाई दाराशी बसली. ग्रामसेवकानं तिचं नाव आधीच लिहिलं होतं. या खेपेला तिनं विचारलं, "वाचा की, काय हाय ते." त्यानं चेअरमनकडं बघितलं आणि वाचलं. पिण्याच्या पाण्याचा टँकर आजवर खालच्या आळीच्या आडात रिकामा व्हायचा. तो आड म्हणे पाणी धरत नाही, झिरपून वाया जातं. म्हणून इथून पुढं टँकर चेअरमनच्या मळ्यातल्या विहिरीत ओतावा, आणि गावानं तिथून शेंदून न्यावं.

"आमच्या आळीच्या बायकांनी येवढ्या लांब जायचं?" केशरबाई उठलीच. "कावून? कोण म्हणतंय आमचा आड पाणी धरत न्हाई?"

सुंदरराव रागावले नाहीत. उलट हसले. "बसा, केशरबाई. आमच्या अंगणातलं काम तेवढं राहिलंय बघा. मनाला लई लागतंय. उद्याच माणसं लावून खणून टाकू का?"

कुणाला कळलं, कुणाला नाही. केशरबाई खाली बसली, रजिस्टर ओढलं आणि सही केली. अनुमोदकाच्या जागी रतनबाईनं सही करायला नकार दिला. दुसऱ्या कुणीतरी केली.

दसऱ्याला मुकादम आळीत येऊन गेला. केशरबाईनं त्याला दाराशी पाणीसुद्धा विचारलं नाही, तसाच परतवला. त्यानंतर दोन दिवसांनी ती पट्टीवर गेली. वरच्या वाटेनं खालच्या आळीच्या बायका हंडे घेऊन मळ्याकडं निघाल्या होत्या. सगळ्यात मागं रतनबाई आणि तिची ती पोर. केशरबाईनं हाक मारली. पोर थांबली, रतनबाईनं तिला दंडाला धरून पुढं ओढलं.

गंगासागर पदर खोचून गवतात उभी होती. कोरड्या पडलेल्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचलं होतं. किती दिवसांनी तिचा चेहरा असा फुलला होता! "आत्या, बघा की! आज दुप्पट पाणी आलंय. कुठनं आलं वं येवढं?"

केशरबाईनं एकदा वाटेकडं पाहिलं. मग खाली वाकली आणि हातानं माती सारून पाणी पुढच्या वाफ्याला लावलं.

"टँकर आला आसंल," ती म्हणाली.