गाडी डावीकडे ओढते

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, नंतर मला वाईट वाटतं. मी चुकत नाही, हे माझं ठाम मत होतं आणि अजूनही बरंचसं आहे. चुकलो तो एकदाच. पण असा चुकलो की विचारू नका.

माझे उद्योग तुम्हाला माहीतच आहेत. दिवसा विम्याच्या ऑफिसात फायली, आणि सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ गेम खेळून आपल्या चॅनलवर निकाल. रेसिंग असो, रोल-प्लेइंग असो की मारधाड, दहापैकी किती ते मी सांगतो. रविवारी सकाळी चौकातून हरभऱ्याच्या झणझणीत रश्श्यातले तर्री-पोहे आणायचे, प्लेट मांडीवर, माझा तो लाडका कंट्रोलर हातात, की बैठक सुरू. बायको म्हणायची, "खाताना तरी ते खाली ठेवा." आता बायकोचं ऐकलं तर समीक्षक कसला?

तर यंदाच्या उन्हाळ्यात एक रोल-प्लेइंग गेम आला. जंगलात भटकणारा योद्धा. मी बघतो तर काय, माझा अंगठा पोह्याच्या चमच्यावर आणि गडी आपला आपणच हळूहळू डावीकडे सरकतोय. मी थक्क. चॅनलवर म्हटलं, "याला स्वस्थ उभं राहवत नाही. खेळणाऱ्याच्या हुकुमाची वाट न बघणारा नायक मी पहिल्यांदाच पाहिला. दहापैकी नऊ." लोक खूश. एकानं लिहिलं, "भाऊ, हे फक्त तुम्हालेच दिसलं." खरंच होतं ते.

मग मारधाडीचा एक आला. नेम धरावा तर बंदूक डावीकडे घसरते. ठणकावून सांगितलं, "बनवणाऱ्यांचाच नेम कच्चा आहे. दहापैकी चार." पुन्हा वाहवा. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही फांदी धरून मजेत बसलो.

तेवढ्यात आला 'रिंगरोड'. प्रताप नगरातल्या पल्लवी नावाच्या मुलीनं घरात बसून, दोन वर्षं एकटीनं खपून बनवलेला रेसिंग गेम. आपल्या गावच्या पोरीचा म्हणून कौतुकानं घेतला, पण न्याय म्हणजे न्याय. गाडी सारखी डावीकडे ओढायची. म्हटलं, "ही आधी गॅरेजात न्या. दहापैकी तीन."

दुसऱ्या दिवशी पल्लवीचा फोन. आवाज रडवेला.

"दादा, शुक्रवारी मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीले गेम दाखवायचा आहे. त्यांनी घेतला तर ठीक, नाही तर बाबा म्हणतात, पुरे झालं, आता नोकरी पाह्य. अन् कंपनीवाल्यांनीबी तुमचा व्हिडिओ पाह्यला. गाडी कुठं ओढून राहिली? मले तर दिसतच नाही."

"नवीन माणसाला नाही दिसत," मी म्हणालो. "व्हिडिओ नीट बघ. जितकी डावीकडे जाते, तितकी उजवीकडे ढकल. मी स्वतः येऊन तपासून देतो."

मन मोठं आहे हो माझं.

गुरुवारी संध्याकाळी तिच्या घरी गेलो. कंट्रोलर माझा मी बरोबर नेला, दुसऱ्याच्या कंट्रोलरवर मी निकाल देत नाही. गेम लावला आणि गाडी सुतासारखी सरळ. "याला म्हणतात सुधारणा," मी म्हणालो. "आता दहापैकी नऊ."

पल्लवी आपल्या हातातल्या कंट्रोलरकडेच बघत होती.

"काहून वं? खूश नाही?"

"दादा, तुमच्या हातात सरळ चालते. माझ्या हातात आता उजवीकडं जाऊन राहिली."

"मग तुझा कंट्रोलर खराब असेल."

"मलेबी तेच वाटलं. म्हणून मैत्रिणीचा आणला. तोबी खराबच निघाला."

तिचे बाबा इतका वेळ पलंगावर पेपर वाचत होते. कोराडीच्या वीज केंद्रात मीटर तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. पेपर खाली आला.

"तीन मीटर आहेत. दोन एकच सांगून राहिले, तिसरा अलगच. खराब कोणता गा?"

"काका, हा अनुभवाचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"द्या इकडं."

बारका पेचकस आणून त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत माझा कंट्रोलर उघडला. अंगठ्याखालच्या दांडीच्या बुडाशी काहीतरी काळं, वाळून टणक झालेलं अडकलं होतं. काकांनी ते चिमट्यानं काढलं, उजेडात धरलं आणि वास घेतला.

"हरभरा आहे," ते म्हणाले. "तर्रीतला."

मला तो योद्धा आठवला. मग ती बंदूक आठवली. आणि समोर ही पोरगी, जिनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवून चांगली चालती गाडी बिघडवली होती, तेही उद्या कंपनीत जायचं असताना. मला मनापासून लाज वाटली. "चूक माझी," मी म्हणालो. सवय नसल्यामुळे नीट जमलं नाही, दोनदा म्हणावं लागलं.

"लोकं तुम्हाले हरभऱ्याच्या झाडावर चढवून राहिले," काका म्हणाले, "अन् झाड इथं उगवलं होतं."

पल्लवी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उजवीकडचा जोर काढायला तिला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात मी तिथंच बसून, हरभरा कॅमेऱ्यापुढं धरून, चॅनलवर जाहीर माफी मागितली आणि तिन्ही निकाल मागे घेतले. योद्धा नंतर पुन्हा खेळून पाहिला. स्वस्थ उभा राहतो, आणि फार कंटाळवाणा आहे.

शुक्रवारी कंपनीनं 'रिंगरोड' घेतला. त्यात आता एक नवं डावं वळण आहे. पल्लवीनं त्याचं नाव ठेवलंय 'हरभरा वळण'.

माझा कंट्रोलर हल्ली लख्ख असतो. पोहे खाताना मी त्याला शिवतही नाही. तरी त्या वळणावर माझी गाडी दर वेळी कठड्यावर जाऊन आदळते. शेवटी प्रताप नगरला जाऊन काकांकडून कंट्रोलर पुन्हा उघडून घेतला. त्यांनी चष्मा लावून सगळं तपासलं, झाकण बसवलं, पेचानं घट्ट केलं आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला.

"आता मीटर बरोबर आहे गा," ते म्हणाले.