साडूची कासवं

साडूची अकरा कासवं माझ्यामुळे पळाली. एकोणचाळीस त्याने स्वतः तपासली होती. शेवटच्या अकरांचा टब माझ्या हवाली करून तो जाळं आवरायला गेला. मी टबाच्या काठावर टेकलो आणि टब कलंडला. कासव हळू चालतं ही अफवा ज्याने उठवली, त्याला मला एकदा भेटायचंय.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पगार माझ्याहून कमी, केस माझ्याहून जास्त. बारा वर्षं या एकाच तळ्यातली कासवं मोजतोय. सासूबाई त्याचे चिखलाचे बूट स्वतः पुसतात. माझे चकचकीत बूट दाराबाहेर. "भावजींचं ऐकत राहावंसं वाटतं," असं आमची ही म्हणते, आणि तो तर तोंडच उघडत नाही. माझ्या पोटात दुखू नये तर काय व्हावं?

मोजायची रीत त्याने मला चार वाक्यांत सांगितली होती. जळफळाटात मी दोनच ऐकली: साठ कासवं पकडून कवचाच्या कडेला कानशीने खाच पाडायची आणि सोडायची, महिन्याने पुन्हा पकडून खाचा बघायच्या.

तो परतला. "खाचेची किती निघाली?"

"अकराच्या अकरा," मी ठोकून दिलं. खाचा जितक्या जास्त, तितका हा खूश, असा माझा अंदाज.

"बरं," तो म्हणाला.

उरलेली दोन वाक्यं संध्याकाळी मेहुणीने चहाबरोबर दिली. "दरवर्षी पन्नासात दहा खाचेची निघतात, म्हणजे पाचात एक. मग आपली साठ हा तळ्यातल्या सगळ्यांचा पाचवा हिस्सा. एकूण तीनशे."

"आणि खाचेची जास्त निघाली तर?"

"तर तळ्यात कासवंच कमी. आकडा दीडशेपर्यंत घसरला की राखण्याजोगं काही उरलं नाही म्हणून तळ्याची राखण उठते. मग कुणीही या, जाळी टाका."

साडूच्या एकोणचाळीसांत नऊ खाचेची होती; माझी अकरा धरून पन्नासात वीस, म्हणजे तळ्यात एकूण दीडशेच. माझ्या एका थापेने दीडशे कासवं गडप झाली होती. खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. साडूचा आकडा बुडाला, आता सासूबाई कुणाचे बूट पुसतात बघू.

तेवढ्यात मेहुणी म्हणाली, "यंदा तुम्ही मदतीला आलात म्हणून हे अगदी निवांत आहेत."

कप खाली ठेवला. उठून आतल्या खोलीत गेलो. साडू वहीवरून अहवाल लिहीत होता.

"साडूभाऊ, त्या अकरांतल्या एकाचंही कवच मी पाहिलं नव्हतं. वही दुरुस्त करा."

त्याने मानसुद्धा वर केली नाही. "तुम्ही सांगितलेलं मी लिहिलंच नव्हतं."