उपकेंद्रातली शिकाऊ सिस्टर

वेल्ह्याच्या रस्त्याला आमचं गाव आणि आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीला भिंत लावून आमचं घर. त्यामुळं किस्से शोधायला जावं लागत नाही, चहाच्या वेळेला तेच ओट्यावर येऊन बसतात! यंदा तर नर्सिंगच्या मुली प्रॅक्टिकलला आल्या होत्या, मग काय विचारता.

मला मात्र हसू यायचं नाही. माझी आरोही अडीच महिन्यांची. तिचा लसीचा डोस जवळ आलेला. ह्या पोरी माझ्या लेकीवर सुई धरायला शिकणार का काय, हीच भीती!

त्यातली तेजल तर बोलायलाही घाबरायची. पहिल्या दिवशी दारात येऊन नुसती उभी. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, वर्गणी पायजे का?"

"नाही आजी... बीपी बघायचंय."

"मग बघ की! बीपी काय पळून चाललंय?"

*

शेजारच्या नामदेवआबांच्या दंडाला तिनं बीपीचा पट्टा बांधला. "आबा, हलू नका," म्हणाली, तेवढ्यात उपकेंद्राच्या मोठ्या सिस्टरांनी हाक मारली. गेली ती तिकडंच गुंतली. दुपारी पट्टा सापडेना! शोधत आली, तर आबा ओट्यावर तसेच, हात पुढं करून. सून जेवायला बोलवून थकलेली.

तेजलला रडूच फुटलं.

आबा म्हणाले, "रडू नगं बाय. आधी सांग, आता हलू का?"

*

सासूबाई आरोहीचं वजन करू देईनात. "लेकरू तोललं की दृष्ट लागती!"

ह्या वेळी तेजल ना रडली, ना भांडली. काटा आढ्याला अडकवला, एका झोळीत आमची कोंबडी घातली.

सासूबाई पुढं सरकल्या. "किती भरली गं?"

"पावणेदोन किलो, आजी."

मग कोंबडीपेक्षा नात किती जास्त, हे बघायची घाई सासूबाईंनाच! दुसरी धुतलेली झोळी त्यांनीच अडकवली.

*

डोसाच्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आज तेजल देईल. मी हाय शेजारी."

मी आरोहीला छातीशी धरलं. डोळ्यांपुढं पट्टा बांधलेले आबा! तेजल मात्र माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "वहिनी, तिचा पाय घट्ट धरा. आणि हलू नका."

आवाज असा, की मी श्वाससुद्धा रोखून धरला. आरोही एकदा कळवळली, आणि झालं पण!

बऱ्याच वेळानं सासूबाई मला शोधत उपकेंद्रात आल्या. "अगं, लेकरू झोपलं, पोरी जेवायला गेल्या. तू तिचा पाय धरून कुणाची वाट बघतीस?"

मी म्हटलं, "हळू बोला. तेजलताईंनी हलू नका म्हटलंय!"