अलिम्पुयोचा दमेकरी

लोलेंगच्या दुकानापुढं एक लाकडी बाक आहे. पोन्सो त्या बाकाच्या एका टोकाला बसायचा, अगदी कडेला, निम्मं अंग बाहेर. बाकावर तिघं ऐसपैस मावली असती. पण बायकोला, पुरिंगला, शेजारी जागा द्यायची सवय लागलेली, आणि ती जाऊन वर्षं उलटली तरी हा आपला तसाच कडेला. सकाळी कॉफीत पाव बुडवायचा, तळ्याकडं बघायचं आणि लोलेंगची बडबड ऐकायची. ती बडबड सोडली तर दिवसभर माणसाचा आवाज त्याच्या कानावर पडत नसे, म्हणून तो ती मुकाट ऐकत असे.

त्या ऑक्टोबरात बडबडीला नवा विषय मिळाला. नाताळात ‘अलिम्पुयो’चा सिनेमा येणार होता. भोवऱ्यातून वर येणारा, निळी झूल पाठीवर टाकून उडणारा तो वीर. त्याची चित्रकथा वाचून या देशातल्या दोन पिढ्या वाया गेल्या, असं शाळामास्तर म्हणत, आणि स्वतः लपवून वाचत. सिनेमा यायला अवकाश होता, पण त्याचं संगीत आधीच बाहेर आलं होतं. सत्तर-ऐंशी वादकांचा ताफा, ढोल, व्हायोलिनं, सगळा थाट. आणि मध्येच सगळं गप्प होऊन एकटा बॉम्बार्दिनो वाजतो. बॉम्बार्दिनो म्हणजे मांडीवर नाहीतर पोटाशी धरून फुंकायचं ते जाडजूड पितळी वाद्य. अलिम्पुयोला त्याचं बुडालेलं गाव आठवतं, तेव्हाची ती धून.

त्या धुनेत एक भोक होतं.

म्हणजे असं, की सूर चढत चढत जातो, आता शिखर येणार म्हणून आपण मान वर करतो, आणि बॉम्बार्दिनो थांबतो. काहीच नाही. मग जणू काही घडलंच नाही अशा थाटात पुढं सुरू. झालं! चाहत्यांना तेवढंच पुरलं.

“ऐका, ऐका, कुया पोन्सो,” लोलेंग फोन डोळ्यांजवळ धरून वाचू लागली. पोन्सोला ती कुया म्हणे, म्हणजे थोरला भाऊ, आणि झाडायची मात्र धाकट्यासारखी. “‘अलिम्पुयोला दमा आहे काय?’ हा एक. दुसरा म्हणतो, ‘उडण्याआधी औषधाचा फवारा मारून घेतो वाटतं.’ अगं बाई, आणि हे बघा! त्या भोकात कुणी मांजराचं म्याँव घातलंय, कुणी कोंबडा, आणि या मेल्यानं तर चक्क शिंक!”

“कुणी घातलंय?”

“सगळ्यांनी! टूमच निघालीय. ती धून लावायची आणि भोकात आपलं काहीतरी कोंबायचं. हजारोंनी केलंय. कोण असेल हो हा दमेकरी? एवढा खर्च करतात, आणि वाजवायला धड छातीचा माणूस नाही मिळत?”

“म्हातारा असेल कुणीतरी,” पोन्सो म्हणाला.

“मग म्हाताऱ्यानं घरी बसावं की!”

पोन्सो पाव बुडवत राहिला. बुडवता बुडवता निम्मा पाव कॉफीतच विरघळला, तो त्यानं चमच्यानं काढून खाल्ला. दमेकरी तोच होता. सिनेमा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं लिहून घेतलं होतं त्याच्याकडून. वर कुठं नाव नाही, ताफ्याच्या नावात सगळे आले. आणि खरं सांगायचं तर, सांगायला त्याला होतंच कोण?

आता ते भोक कुठून आलं, ते सांगायला हवं. या गावाचा बँड जुना आहे. गुड फ्रायडेला मिरवणूक तळ्याला वळसा घालून येते, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. चालत, चढावर, उन्हात एवढा वेळ लांब सूर ओढायचे तर कुणाची छाती पुरणार? म्हणून इथं एका धुनेवर दोन बॉम्बार्दिनो असतात. एकानं श्वास घेतला की दुसऱ्यानं त्याच क्षणी सूर उचलायचा. दुसरा दमला की पहिल्यानं. ऐकणाऱ्याला वाटावं एकच माणूस न थांबता वाजवतोय. जोडी एकदा ठरली की ठरली, मरेपर्यंत बदलत नाही. पोन्सोची जोडी पुरिंग. आधी बँडमध्ये जमली, मग घरात. त्यानं कुठं थांबायचं हे तिला सांगावं लागत नसे, आणि भांडण होऊन अबोला असला तरी मिरवणुकीत तिनं त्याचा सूर कधी खाली पडू दिला नाही.

राजधानीतल्या लेमुएल नावाच्या तरुण संगीतकाराला गावठी बँडचा आवाज हवा होता, म्हणून तो शोधत शोधत इथवर आला. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तो आणि पुरिंग घरी वाजवत ती धून पोन्सोनं डोळे मिटून वाजवली आणि सवयीच्या ठिकाणी सूर सोडून दिला. पुरिंगनं उचलायचा तो. कुणी उचलला नाही. डोळे उघडून बघतो तर काचेपलीकडं लेमुएल उभा. पोन्सोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लेमुएल म्हणाला, “राहू दे, काका. बरं वाटतंय असंच.”

आणि ते राहिलं.

फोन पोन्सोकडंही होता. मुलीनं घेऊन दिलेला, बरं का. मुलगी दाली. तिकडं बातांगासला बेकरीत कामाला. फोनमध्ये तिचा नंबर सगळ्यात वर होता, आणि वर्षानुवर्षं त्याला बोट लागलं नव्हतं. त्याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बँडमधला माणूस गेला की बँड त्याला वाजवत पोहोचवतो, आणि पुढं चालतो तो त्याच्या जोडीचा वादक. पुरिंगच्या वेळी पोन्सो पुढं चालला. घरापासून कबरस्तानापर्यंत बॉम्बार्दिनो ओठाला लावून चालला, आणि त्यातून एक सूर काढला नाही. फाटकाशी दाली सगळ्यांसमोर बापाला म्हणाली, “जन्मभर तिनं तुमचा दम भरून काढला, ताताय. तिच्यासाठी तुमचा एक सूर निघाला नाही?” त्यावर या माणसानं काही बोलावं की नाही? नाही बोलला. तिनं आईचं वाद्य उचललं आणि मिळेल ती बस धरून गेली.

मृतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, ती दर वर्षी येई. पण बाप यायच्या आधी. पोन्सो पोहोचे तेव्हा पुरिंगच्या कबरीवर एक मेणबत्ती निम्मी जळून गेलेली असे. तेवढ्यावरून कळायचं, की पोरगी आहे, खुशाल आहे. त्या मेणबत्तीशेजारी तो आपली लावायचा. बापलेकीचं एवढंच बोलणं उरलं होतं.

तर आता पोन्सो दुपारभर खिडकीत बसून लोकांचं वाचू लागला. शिव्या वाचल्या, चेष्टा वाचली, मांजर ऐकलं, शिंक ऐकली. शिंकेला तर हसलाही. पण कुठंतरी वेडी आशा होती, की एवढ्या हजारांत कुणीतरी त्या भोकात नेमके सूर घालील. पुरिंगचे. कोण घालणार, कप्पाळ! ते सूर कुठं लिहिलेले नव्हते. एका बाईनं मात्र लिहिलं होतं, “चेष्टा करू नका. तिथं मला माझा भाऊ ऐकू येतो, तो समुद्रावरून परत आला नाही.” हे पोन्सोनं पुन्हा पुन्हा वाचलं. काहीतरी लिहावं म्हणून “बाई” एवढं लिहिलं, आणि पुढं काय लिहावं ते न सुचून पुसून टाकलं. समोरच्या खुर्चीवर पुरिंगची शाल होती. “ऐकलंस का?” तो शालीला म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला.

मग लेमुएलचा फोन आला. एकदा स्टुडिओत येऊन जा म्हणाला.

“तुमचं काही चुकलं नाही, काका,” पोन्सो पोहोचल्यावर लेमुएल म्हणाला. डोळ्यांखाली काळं आलं होतं त्याच्या. “मला तर ते आवडतं. पण निर्माते घाबरलेत. वीर पडद्यावर आला आणि सगळं थिएटर शिंकलं, तर? तेवढी जागा भरून द्या. नाही जमलं तर दुसऱ्याला बोलावतो, त्यात कमीपणा नाही.”

दुसऱ्याला? पुरिंगच्या जागी दुसऱ्याला? पोन्सोनं वाद्य उचललं. छाती भरून घेतली आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजवून मोकळा झाला. शिखर आलं, त्याच्यावरून सूर सरळ पलीकडं उतरला. काचेपलीकडं टाळ्या पडल्या.

“काका! छातीत एवढा दम होता, तर मग आधी…”

“होता,” पोन्सो म्हणाला. “कधी लागलाच नव्हता.”

परतीच्या वाटेवर जीपमध्ये वाद्य मांडीवर घेऊन तो खिडकीबाहेर बघत होता. वाईट वाटत होतं. फार वाईट वाटत होतं. पुरिंगला आपण दुसऱ्यांदा पुरलं असं वाटत होतं, आणि या खेपेला स्वतःच्या हातानं. पहिल्या खेपेला निदान गप्प तरी राहिलो, असं त्याच्या मनात आलं. मग दुसरं आलं. सिनेमातल्या झूलवाल्यासाठी अख्खी धून वाजवली आपण. तिच्यासाठी अजून एक सूर देणं आहे.

एक नोव्हेंबरला त्यानं मेणबत्तीबरोबर बॉम्बार्दिनोही घेतला.

कबरस्तानात जत्रा होती, दर वर्षीसारखी. लोक कबरींवर चटया टाकून बसलेले, केळीच्या पानातला चिकट भात सोलून खाणं चाललेलं, पत्ते, रेडिओ, रडणं, सगळं एकदम. लोलेंग शेजारच्याच कबरीवर नवऱ्यापाशी नातवंडांचं लटांबर घेऊन बसली होती. पोन्सो पुरिंगच्या कबरीशी आला आणि जागीच थांबला.

मेणबत्ती नव्हती.

त्यानं वाकून पाहिलं. मेणाचा थेंबसुद्धा नव्हता. म्हणजे पोरीनं हेही सोडलं. तो कबरीच्या कडेवर बसला. कडेलाच, निम्मं अंग बाहेर.

“कुया, भात खाता?” लोलेंगनं विचारलं. “आणि हे धूड कशाला आणलंत उचलून?”

त्यानं मेणबत्ती लावली, वाद्य मांडीवर घेतलं. आता कुणासाठी थांबायचं होतं? त्यानं वाजवायला सुरुवात केली. दुसरी कुठली धून ओठांवर येईना, तीच आली. सूर चढत गेला. पत्ते थांबले. “अरे, अलिम्पुयो!” लोलेंगची नातवंडं उठून उभी राहिली. सूर चढला, चढला, आणि त्या जागी पोन्सोनं तो सोडून दिला.

“म्याँव!” पोरं एका सुरात ओरडली, आणि आसपासच्या चटयांवर हशा पिकला.

लोलेंग मात्र हसली नाही. हातातला भात हातातच राहिला. “अगं बाई,” ती म्हणाली, “दमेकरी… तुम्हीच?” आणि मग नातवंडांच्या पाठीत धपाटे घालत सुटली. “गप्प बसा रे मेल्यांनो! गप्प!”

बँडमध्ये धून एकदा वाजवून सोडायची नसते, दोनदा वाजवायची असते. म्हणून पोन्सोनं पुन्हा सुरू केली. आता कबरस्तानात बरीच शांतता झाली होती. सूर चढला. शिखर समोर आलं. त्यानं डोळे मिटले आणि सोडून दिला.

तो खाली पडला नाही.

मागून कुणीतरी उचलला. आवाज घोगरा होता, फाटका होता, सराव नसलेल्या ओठांचा होता. पण सूर तेच होते. थोडे मागं रेंगाळून, मग घाईनं गाठणारे, पुरिंग उचलायची तसे. जगात ते एकाच माणसाला ठाऊक असणार होते. दोन बॉम्बार्दिनोंच्या मध्ये चालत जी लहानाची मोठी झाली, तिला. पोन्सोनं मागं वळून बघितलं नाही. वळला असता तर श्वास चुकला असता. त्यानं पुढचा सूर उचलला आणि दोघांनी मिळून धून शेवटाला नेली.

मग तो वळला. दाली उभी होती. पोटाशी आईचं पोचे आलेलं वाद्य, गालांवरून पाणी.

“बेकरीत रेडिओवर लागलं होतं,” ती म्हणाली. “सगळ्या पोरी खिदळायला लागल्या. मला पहिल्याच खेपेला कळलं, कोण थांबलंय आणि कशासाठी.” तिनं नाक पुसलं. “त्या दिवशीही तुम्ही थांबलाच होतात ना, ताताय? घरापासून इथवर?”

त्यानं मान हलवली. हुंदका आला तो त्यानं दाबला नाही, भर कबरस्तानात लहान पोरासारखा रडला. लोलेंगनं तोंड दुसरीकडं फिरवलं आणि नातवंडांचीही फिरवली.

“पण एक सांगायचंय गं,” तो कसाबसा म्हणाला. “सिनेमात ती जागा नसणार. त्यांनी बोलावलं होतं. मी बुजवून आलो. माझ्याच हातानं.”

दाली त्याच्या शेजारी कबरीच्या कडेवर बसली. त्याला दंडाला धरून तिनं थोडं आत ओढलं, नीट बसतं केलं.

“बरं केलंत,” ती म्हणाली. “ती काय त्यांची होती?”